डिझेलमधलं सल्फर ऑक्सिडेशनने काढताना: प्रयोगाच्या पायऱ्या आणि सल्फरचा हिशेब

ऑक्सिडेटिव्ह डीसल्फरायझेशनवरचे शोधनिबंध चाळले की ९८-९९ टक्के सल्फर निघाल्याचे आकडे सर्रास दिसतात. या पद्धतीला सगळे ओडीएस म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रयोग लावला की बहुतेक वेळा तोच आकडा येतोही. मग तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, "निघालेलं सल्फर आत्ता कुठे आहे?" आणि गाडी तिथेच अडते. म्हणून या लेखात प्रयोगाच्या पायऱ्यांइतकीच जागा सल्फरच्या जमाखर्चाला दिली आहे. लेख एम.एस्सी. रसायनशास्त्र किंवा बी.टेक. केमिकलच्या प्रकल्पासाठी आहे. त्यासाठी चालू फ्यूम हूड, मार्गदर्शक शिक्षक आणि गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. घरात, गॅरेजमध्ये हा उद्योग करू नका, आणि असं शुद्ध केलेलं इंधन कुठल्याही गाडीत घालू नका.

हायड्रोजन असताना ऑक्सिजन कशाला?

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये सल्फरची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) आहे. बीएस-४ मध्ये ती ५० होती, बीएस-३ मध्ये ३५०. रिफायनऱ्या हे काम हायड्रोजनने करतात. अॅल्युमिनावर बसवलेल्या कोबाल्ट-मोलिब्डेनम किंवा निकेल-मोलिब्डेनम उत्प्रेरकावरून तीन-चारशे अंश तापमानाला आणि भरपूर दाबाखाली डिझेल आणि हायड्रोजन सोडतात. सल्फर हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं.

अडतं ते शेवटच्या काही पीपीएमवर. डिझेलमधल्या डायबेंझोथायोफीन या सल्फर संयुगाचा, म्हणजे डीबीटीचा, ४,६-डायमिथाइल भाऊ सगळ्यात हट्टी. सल्फरच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट असल्यामुळे रेणू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला नीट चिकटत नाही. ऑक्सिडेशनमध्ये कार्बन-सल्फर बंध तोडायचाच नसतो. सल्फरला दोन ऑक्सिजन जोडले की डीबीटीचं सल्फोन होतं, ते जास्त ध्रुवीय असल्यामुळे अॅसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात ओढून घेता येतं. तेच मिथाइल गट इथे सल्फरवरची इलेक्ट्रॉन घनता किंचित वाढवतात. त्यामुळे ऑक्सिजन देणारं हायड्रोजन पेरॉक्साइड (पुढे नुसतं पेरॉक्साइड) आणि फॉर्मिक आम्लाच्या पद्धतीत ४,६-डायमिथाइल डीबीटी सर्वांत आधी ऑक्सिडाइझ होतं, डीबीटी त्याच्या मागून, बेंझोथायोफीन आणखी सावकाश, आणि साधं थायोफीन सौम्य परिस्थितीत दाद देत नाही. घन उत्प्रेरकाच्या बारीक छिद्रांत मात्र मोठ्या रेणूंना आत शिरायला त्रास होतो आणि क्रम उलटाही येऊ शकतो. तसा आला तर लगेच प्रयोग चुकला असं समजू नका.

उत्प्रेरकी ऑक्सिडेशन रिफायनरीला नवीन नाही. मेरॉक्स प्रक्रिया १९५८ पासून आहे. तिच्यात कॉस्टिक, हवा आणि कोबाल्ट थॅलोसायनिन वापरून मर्कॅप्टन या दुर्गंधी सल्फर संयुगांचं डायसल्फाइड करतात. रॉकेल किंवा विमानाच्या इंधनाचं असं 'गोडवणं' झालं की दुर्गंध जातो, पण डायसल्फाइड तेलातच राहतं आणि एकूण सल्फर होतं तेवढंच भरतं. रूपांतर आणि निष्कासन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओडीएसमध्येही पदोपदी लक्षात ठेवायला लागतं.

हात लावण्याआधी

एवढं पाठ करा. पेरॉक्साइड जिथे आहे तिथे अॅसिटोन आणायचं नाही, काचेची भांडी विसळायलासुद्धा नाही. अॅसिटोन, पेरॉक्साइड आणि आम्ल एकत्र आले की स्फोटक पेरॉक्साइड बनू शकतात. भांडी आधी भरपूर पाण्याने धुवा, मग मेथनॉलने.

३० टक्के पेरॉक्साइडच्या बाटलीवर '१०० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. म्हणजे एक मिलिलिटर पूर्ण विघटित झालं तर साधारण शंभर मिलिलिटर ऑक्सिजन सुटतो. म्हणून हा प्रयोग बुच घट्ट लावलेल्या भांड्यात कधीच करायचा नाही. ऑक्सिजन आणि द्रावकाची वाफ एकत्र जमू नये यासाठी कंडेन्सर उघडा ठेवून नायट्रोजनचा बारीक प्रवाह चालू ठेवा. अॅसिटोनायट्राइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, २ अंश सेल्सियस आहे, तेव्हा हूडमध्ये बर्नर नको, ठिणगी पाडणारं उपकरणही नको. ते विषारीही आहे. चष्मा आणि हातमोजे लागतातच.

जुन्या निबंधांत फॉर्मिक आम्ल आणि पेरॉक्साइडची जोडी खूप दिसते. ती चालते, स्वस्त आहे, पण तिच्यातून बनणारं परफॉर्मिक आम्ल अस्थिर असतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी मी घन उत्प्रेरक निवडेन. तो गाळून वेगळा करता येतो आणि प्रकल्पात बोलायलाही जास्त काही मिळतं.

नमुना इंधन

पंपावरचं डिझेल आणू नका. त्यात मुळातच १० पीपीएमच्या आत सल्फर आहे, काढणार काय? सुरुवात नमुना इंधनाने, म्हणजे मोजून सल्फर घालून स्वतः बनवलेल्या इंधनाने, करा. निबंधांत ऑक्टेन दिसतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट १३ अंश आणि प्रयोग ६० अंशांवर. हेक्साडेकेन त्या बाबतीत सुरक्षित आहे, पण ते १८ अंशांला गोठतं, नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी बाटलीत पांढरा गोळा सापडतो. शिवाय त्याची घनता ०.७७, अॅसिटोनायट्राइलची ०.७९, त्यामुळे थर सुटता सुटत नाहीत. डोडेकेन मधला मार्ग आहे: घनता ०.७५, फ्लॅश पॉइंट ७० अंशांच्या वर.

५०० पीपीएम सल्फरचं २०० ग्रॅम नमुना इंधन करायचं तर त्यात ०.१ ग्रॅम सल्फर हवं. डीबीटीचा रेणुभार १८४.२६ आणि सल्फरचा अणुभार ३२.०६. त्यावरून डीबीटी लागेल ०.५७५ ग्रॅम. हे वजन चार दशांश स्थळांच्या तराजूवर घ्या, डोडेकेनमध्ये हलकं कोमट करून विरघळवा आणि एकूण वजन २०० ग्रॅमवर आणा. अंतर्गत मानक म्हणून साधारण एक टक्का हेक्साडेकेन यातच घाला. नमुन्याचं आकारमान पुढेमागे झालं तरी क्रोमॅटोग्राममधलं गुणोत्तर त्यामुळे हलत नाही.

उत्प्रेरक: अॅल्युमिनावर मोलिब्डेनम

दहा टक्के मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड असलेला दहा ग्रॅम उत्प्रेरक करू. त्यासाठी ९ ग्रॅम गॅमा अॅल्युमिना आणि १.२३ ग्रॅम अमोनियम हेप्टामोलिब्डेट टेट्राहायड्रेट लागतं.

अॅल्युमिना चाळून १२० अंशांवर वाळवा. मग त्यातलं एक ग्रॅम घेऊन पिपेटने थेंबथेंब पाणी घालत ढवळत राहा. भुकटी आधी कोरडीच दिसते, पाणी आत मुरत जातं. एका क्षणी कण एकमेकांना चिकटायला लागतात आणि काचेला ओल दिसते, तिथे थांबा. तेवढं पाणी म्हणजे छिद्रांचं आकारमान. समजा एका ग्रॅमला ०.६ मिलिलिटर लागलं, तर नऊ ग्रॅमला ५.४ मिलिलिटर. हेप्टामोलिब्डेट नेमक्या तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवून, हलवत हलवत अॅल्युमिनावर शिंपडा. पाणी जास्त झालं तर वाळताना मोलिब्डेनम कडांवर जमतं आणि उत्प्रेरक ठिपकेदार होतो.

काही तास तसंच ठेवा, रात्रभर १२० अंशांवर वाळवा, मग मफल भट्टीत सावकाश चढवत ५०० अंशांवर चार तास भाजा. अमोनिया सुटतो, भट्टीचा धूर बाहेर जायची सोय हवी. थोडं नुसतं अॅल्युमिनाही याच बरोबर भाजून बाजूला ठेवा, पुढे तुलनेला लागणार आहे.

पेरॉक्साइडची ताकद तपासा

बाटलीवर ३० टक्के लिहिलंय म्हणून ३० टक्के धरू नका. उघडून झालेली, विदर्भाचा एखादा उन्हाळा फ्रिजबाहेर काढलेली बाटली बरीच उतरलेली असू शकते. १ मिलिलिटर पेरॉक्साइड १०० मिलिलिटरला पातळ करा, त्यातलं १० मिलिलिटर घ्या आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेट करा. १९ ते २० मिलिलिटरवर फिकट गुलाबी टिकली तर बाटली ताजी. १४ वर टिकली तर तुमचं पेरॉक्साइड २१-२२ टक्क्यांचं आहे, मात्रा त्या हिशेबाने वाढवा.

हे टायट्रेशन दुसऱ्या टेबलवर, वेगळ्या पिपेटने करा. एकूण सल्फर मोजायचं असलेल्या प्रयोगात सल्फर चोरपावलांनी येतं. सल्फ्युरिक आम्लाचा पिपेट, उरलेलं पेरॉक्साइड मारायला वापरलेलं सोडियम सल्फाइट, इंधन वाळवायला घातलेलं सोडियम सल्फेट, व्हल्कनाइज्ड रबराचं बुच, अशा वाटा अनेक. सोडियम सल्फेट तेलात विरघळत नाही हे खरं, पण त्याची धूळ नमुन्यात गेली की एक्स-रे यंत्र ती सल्फर म्हणूनच मोजतं. वाळवायला मॉलिक्युलर सीव्ह वापरा.

मुख्य प्रयोग

तीन तोंडांच्या १०० मिलिलिटर फ्लास्कमध्ये २० ग्रॅम नमुना इंधन, २० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल आणि ०.१ ग्रॅम उत्प्रेरक घ्या. कंडेन्सर, थर्मामीटर आणि नायट्रोजनची नळी लावा. तेलाच्या बाथमध्ये ६० अंशांवर आणा आणि पेरॉक्साइड न घालता अर्धा तास ढवळा.

हा अर्धा तास बहुतेक जण गाळतात, आणि इथेच हिशेब बिघडतो. अॅसिटोनायट्राइल नुसतं डीबीटीसुद्धा बऱ्यापैकी ओढतं, ऑक्सिडेशनची गरज नसते. अर्ध्या तासात दोन थरांमधली वाटणी स्थिरावते. आता ढवळणं थांबवून वरच्या थरातून घेतलेला नमुना हा तुमचा शून्य मिनिटाचा नमुना. यानंतर वरच्या थरातलं डीबीटी कमी झालं तर ते ऑक्सिडेशनमुळे, असं म्हणायला आधार मिळतो.

आता मात्रा. २० ग्रॅम इंधनात १० मिलिग्रॅम सल्फर, म्हणजे ०.३१ मिलिमोल. एका सल्फरला दोन पेरॉक्साइड लागतात. काही पेरॉक्साइड फुकट विघटित होणार, म्हणून दुप्पट, म्हणजे सल्फरच्या चौपट मोल घेऊ: १.२५ मिलिमोल. ३० टक्के पेरॉक्साइडचं ते ०.१३ मिलिलिटर होतं. मायक्रोपिपेटने दोन हप्त्यांत, दहा मिनिटांच्या अंतराने घाला. आणखी घालून वेग वाढेल असं वाटतं, पण पेरॉक्साइडबरोबर पाणीही येतं आणि ते उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर जागा अडवतं.

५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांना नमुने घ्या. दर वेळी ढवळणं अर्धा मिनिट थांबवा, थर सुटू द्या, वरच्या थरातून ०.२ मिलिलिटर काढा. ढवळण्याचा वेग ५०० आणि ९०० फेऱ्यांवर बदलून एकेकदा प्रयोग करून बघा. निकाल बदलला तर तुम्ही रासायनिक वेग मोजत नसून दोन थर किती मिसळले ते मोजताय.

तासाभराने थंड करा, उत्प्रेरक सेंट्रिफ्यूजने वेगळा करा, थर विभाजक नरसाळ्यात सोडवा. वरचं डोडेकेन १०-१० मिलिलिटर ताज्या अॅसिटोनायट्राइलने दोनदा आणि मग पाण्याने दोनदा धुवा.

कोरे प्रयोग

कोरे प्रयोग किमान चार हवेत. नुसतं अॅसिटोनायट्राइल, पेरॉक्साइड नाही आणि उत्प्रेरक नाही. पेरॉक्साइड आहे, उत्प्रेरक नाही. उत्प्रेरक आहे, पेरॉक्साइड नाही. आणि पेरॉक्साइडबरोबर नुसतं भाजलेलं अॅल्युमिना. पहिल्यातून निष्कर्षण कळतं, तिसऱ्यातून उत्प्रेरकावर नुसतं चिकटलेलं सल्फर. वेळ कमी असेल तर मुख्य प्रयोगाची एखादी पुनरावृत्ती सोडा, पण हे चार सोडू नका.

मोजायचं कसं

नमुना इंधनासाठी एफआयडी (ज्योतीवर चालणारा शोधक) असलेला गॅस क्रोमॅटोग्राफ पुरतो. डीबीटीचं शिखर लहान होत जातं आणि बऱ्याच उशिरा सल्फोनचं शिखर उगवतं. ओव्हनचा कार्यक्रम लवकर संपवला तर सल्फोन स्तंभातच राहतं आणि पुढच्या नमुन्यात भुतासारखं डोकावतं.

एकूण सल्फरसाठी एक्स-रे फ्लुरोसन्स सोयीचं, पण एएसटीएम डी४२९४ पद्धतीची खालची मर्यादाच १७ पीपीएमच्या आसपास आहे. तिच्यावर 'बीएस-६ मानक गाठलं' असं लिहिता येत नाही. त्यासाठी डी५४५३, म्हणजे अतिनील फ्लुरोसन्सची पद्धत लागते, ती १ पीपीएमपर्यंत उतरते. आणि दोन्ही पद्धती फक्त एकूण सल्फर सांगतात, ते डीबीटीतलं की सल्फोनमधलं हे सांगत नाहीत.

आता जमाखर्च. समजा शेवटी डोडेकेनमध्ये ०.२ मिलिग्रॅम सल्फर उरलं. २० ग्रॅममध्ये ०.२ म्हणजे बरोबर १० पीपीएम, ९८ टक्के निघालं, टाळ्या. आता अॅसिटोनायट्राइलचे सगळे हप्ते एकत्र करून त्यात डीबीटी आणि सल्फोन दोन्ही मोजा. समजा डीबीटीच्या रूपात १.३ आणि सल्फोनच्या रूपात ७.८ मिलिग्रॅम सल्फर मिळालं. उत्प्रेरक वाळवून सीएचएनएस विश्लेषकात (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, सल्फर मोजणाऱ्या यंत्रात) टाकला, त्यावर ०.४. बेरीज ९.७ मिलिग्रॅम, म्हणजे हिशेब ९७ टक्के लागला, उत्तम. पण नक्की ऑक्सिडाइझ झालेलं सल्फर ७८ टक्के आहे. उत्प्रेरकावरचं सगळं सल्फोन धरलं तरी ८२. निघालेलं ९८ आणि ऑक्सिडाइझ झालेलं ७८, हे दोन आकडे प्रबंधात वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. बेरीज ९० टक्क्यांच्या खाली आली तर कुठेतरी गळती आहे, वेगाचे आलेख काढण्याआधी ती शोधा.

सल्फोन डोळ्यांनी बघायचं असेल तर अॅसिटोनायट्राइलच्या थरात आधी पेरॉक्साइडची चाचणी पट्टी बुडवा. पट्टी निळी पडली तर चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घालून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि गाळा. पट्टी कोरी राहिल्याशिवाय कुठलाही द्राव आटवायचा नाही. मग हूडमध्ये वॉच ग्लासवर द्रावक उडू द्या. काठाकडून आत बारीक पांढऱ्या सुया उगवतात. मिश्रणात डीबीटीही असतं, म्हणून मेथनॉलमधून एकदा पुनर्स्फटिकीकरण करा आणि वितळबिंदू घ्या. डीबीटी १०० अंशांच्या आतच वितळतं, सल्फोनला २३० च्या वर जावं लागतं. इन्फ्रारेड असेल तर १२९० आणि ११६५ च्या आसपासचे दोन ठळक पट्टे सल्फोनचे. लाखो रुपयांच्या यंत्राआधी ही वितळबिंदूची नळी तुम्हाला हवं ते सांगून जाते, आणि परीक्षकांना ती फार आवडते.

उत्प्रेरक खरंच घन आहे का?

मोलिब्डेनमची खोड अशी की पेरॉक्साइड दिसलं की ते पेरॉक्सो संयुग होऊन द्रावात सुटतं. मग काम द्रावातलं मोलिब्डेनम करतं आणि श्रेय अॅल्युमिनावरच्याला जातं. खालचा थर पिवळसर झाला आणि गाळल्यावरही पिवळाच राहिला तर शंका घ्या.

चाचणी सोपी आहे. दहाव्या मिनिटाला मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढा आणि उरलेला द्राव त्याच तापमानाला पुढे ढवळत ठेवा. डीबीटी तरीही कमी होत राहिलं तर उत्प्रेरक गळतोय. पुनर्वापराच्या चाचणीतही तेच दिसतं: दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ताकद उतरते. ही घसरण गळतीमुळे की सल्फोन चिकटल्यामुळे, हे कळायला वापरलेला उत्प्रेरक गरम मेथनॉलने धुऊन पुन्हा ५०० अंशांवर भाजा. ताकद परत आली तर चिकटलेलं सल्फोन, नाही आली तर मोलिब्डेनम गेलं.

टाकाऊ

सगळे जलीय आणि अॅसिटोनायट्राइलचे थर पेरॉक्साइड-मुक्त केल्यावरच टाकाऊ द्रावकाच्या कॅनमध्ये. कॅनचं झाकण पहिल्या दिवशी सैल ठेवा. त्या कॅनवर 'अॅसिटोन नको' असं मोठ्या अक्षरांत लिहा.

खऱ्या तेलाकडे जाताना

नमुना इंधनावर जमलं म्हणून खऱ्या तेलावर जमेल असं नाही. खऱ्या तेलातली नायट्रोजन संयुगं आणि ओलेफिन (दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) पेरॉक्साइडवर आधी हात मारतात. अॅसिटोनायट्राइल सल्फोनबरोबर चांगले अॅरोमॅटिक्सही घेऊन जातं, म्हणून किती टक्के इंधन परत मिळालं हा आकडा सल्फरच्या आकड्याशेजारी यायलाच हवा.

पालघर जिल्ह्यात वाड्याकडे जुन्या टायरांच्या पायरोलिसिसचे (हवेशिवाय तापवून तेल काढण्याचे) कारखाने आहेत. त्या तेलात सल्फर एक टक्क्याच्या आसपास असतं आणि ओडीएसचा प्रकल्प त्यावर करावा असं विद्यार्थ्यांना हमखास सुचतं. करून बघायला हरकत नाही, आधी कागदावर मात्र करा. एक टन तेलात १० किलो सल्फर. त्याला निव्वळ गणिताने २१ किलो शुद्ध पेरॉक्साइड, म्हणजे ३० टक्क्यांचं ७० किलो. व्यवहारात दुप्पट धरा, तर १४० किलो, आणि ओलेफिन खातील ते वेगळंच. शिवाय सल्फरचा अणू एकटा जात नाही, अख्खा रेणू जातो. सल्फरचा वाटा रेणूच्या १५ टक्के धरला तर एक टक्का सल्फर काढताना साडेसहा टक्क्यांहून जास्त तेल सल्फोन होऊन हातातून जातं, ज्याला आज धड गिऱ्हाईक नाही. जहाजांच्या जड तेलात सल्फर २.५ टक्के असेल तर हीच घट १६-१७ टक्क्यांवर पोचते.

हायड्रोजन वापरणारी रिफायनरी रेणूतलं फक्त सल्फर काढते आणि उरलेला हायड्रोकार्बन तेलातच ठेवते. त्यामुळे ओडीएसचा विचार करायचा तो हायड्रोजन प्रक्रियेनंतर उरलेल्या शे-दोनशे पीपीएमसाठी. तिथे २०० पीपीएमच्या एक टन डिझेलला दुप्पट मात्रेने ३० टक्क्यांचं तीन किलोच्या आत पेरॉक्साइड पुरतं आणि तेलाची घट दीड किलोच्या आसपास राहते, अर्थात द्रावकाबरोबर जाणारे अॅरोमॅटिक्स वगळून. प्रकल्पाला खरं तेल हवं असेल तर विभागप्रमुखांच्या पत्रावर रिफायनरीकडून अशाच अर्धवट प्रक्रिया झालेल्या गॅस ऑइलचा नमुना मागा, आणि आल्या दिवशीच त्याचं सल्फर, नायट्रोजन आणि ओलेफिनचा अंदाज देणारा ब्रोमीन क्रमांक मोजून घ्या.